येणं बाकी

यंत्रानं चार आकडे मागितले आणि तिच्या लक्षात आलं, की ते आपल्याला माहीत नाहीत. कार्ड तिचं होतं. त्यावर तिचं पूर्ण नाव होतं, वडिलांच्या नावासकट. ज्या खात्यातून पैसे निघणार ते खातंही तिचंच, वर्षानुवर्षं दर महिन्याला तिचा पगार त्यात जमा होत आलेला. मागे रांगेत तीन माणसं होती. त्यातला एक जण किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत होता. तिनं आईचं जन्मसाल दाबलं. नाही. धाकट्या भावाचं दाबलं. नाही. मग स्वतःचं दाबलं आणि दाबताना तिला कसंसंच झालं, दुसऱ्याच कुणाच्या कपाटात आपण हात घालतोय असं. तेही नव्हतं. पडद्यावर लाल अक्षरं आली, कार्ड बाहेर आलं, आणि किल्लीवाला म्हणाला, "झालं का हो तुमचं?" ती "हो, झालं" म्हणाली आणि बाजूला झाली. बाहेर फुटपाथवर दुपारचं ऊन होतं. पर्समध्ये सत्तर होते, त्यातले बावीस बसला लागणार. आईला जाऊन एकवीस दिवस झाले होते. या एकवीस दिवसांत शेजारणींनी डबे दिले, हॉस्पिटलनं रजा दिली, भावानं सगळी धावपळ केली. तिच्यावर पैसे काढायची वेळच आली नव्हती. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला स्वतःचे पैसे काढता येत नाहीत, हे कुणाला सांगायचं म्हटलं तर कुठून सुरुवात करायची?

पूर्वी पगार पाकिटातून मिळायचा. एक्स-रे विभागात ती लागली तेव्हा तेवीस वर्षांची होती, वडील गेलेले, भाऊ शाळेत. पहिलं पाकीट तिनं न फोडता आईच्या हातात ठेवलं. आईनं ते फोडलं, नोटा मोजल्या, बसभाड्याचे आणि चहाचे वेगळे काढून तिला परत दिले आणि म्हणाली, "जा, हातपाय धुऊन घे." बस, इतकंच. पण ते पाकीट देऊन टाकल्यावर जे हलकं वाटलं, अंघोळ करून आल्यासारखं, ते तिला पुढे दर महिन्याला वाटत राहिलं. पुढे पाकिटं बंद झाली, पगार बँकेत जाऊ लागला, कार्ड आलं. ते कार्डही तिनं तसंच, लिफाफा न फोडता आईला दिलं. मैत्रिणी वाणसामानाच्या किमतींवर, भाड्यावर, नवऱ्याच्या उधळेपणावर बोलायच्या, तेव्हा ती ऐकत बसायची आणि मनातून तिला बरं वाटायचं, की या कटकटीतलं आपल्याला काही करावं लागत नाही. कुणी तिला "तू भोळी आहेस" म्हणालं तर ते तिला कौतुकासारखंच वाटायचं. एकदा, तिशीच्या आत-बाहेर असताना, रक्त तपासणाऱ्या विभागातल्या एकानं तिला विचारलं होतं, आम्ही चार-पाच जण दोन दिवस समुद्रावर जातोय, येता का? त्यानं 'चार-पाच जण' म्हटलं तरी डोळ्यांत एकटाच होता. तिकिटाचे पैसे आईनं दिले असते, एका शब्दानं न विचारता दिले असते. पण मागावे लागले असते, आणि मागायचं म्हणजे सांगावं लागलं असतं. तिनं रजा मिळत नाही म्हणून सांगितलं. वर्षभरानं त्याची बदली झाली. तिला तेव्हा दुःख झालं नव्हतं, निदान तसं तिला आठवत नव्हतं; आता बसमध्ये खांबाला धरून उभी असताना मात्र त्याचे हात आठवले, नेहमी साबणाचा वास येणारे.

दुसऱ्या दिवशी ती बँकेत गेली. काउंटरवरच्या बाई साधारण तिच्याच वयाच्या होत्या, चष्मा केसांवर चढवलेला. त्यांनी कार्ड पाहिलं, ओळखपत्र पाहिलं, खातं उघडलं.

"नवीन कार्ड आठवड्यात येईल. तोवर स्लिप भरून काढा. किती काढायचेत?"

"किती आहेत?"

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "नऊ हजार आठशे साठ."

"नाही, म्हणजे सगळे मिळून. दुसरीकडे ठेवले असतील. ठेव वगैरे."

"तुमच्या नावावर हे एकच खातं आहे."

बाईंनी मग स्वतःहूनच मागचे महिने काढून पाहिले आणि स्क्रीन तिच्याकडे वळवला. पगार आला, की दोन दिवसांत घरखर्चाची रक्कम काढलेली. घरभाडं गेलेलं. आणि दर पाच तारखेला अकरा हजार पाचशे एका खात्यात वळते झालेले. खातं भावाचं होतं. "ही तुमचीच कायमची सूचना आहे," बाई म्हणाल्या. "नऊ वर्षांपूर्वी दिलेली. घरकर्जाच्या हप्त्यासाठी. फॉर्मवर सही आहे बघा तुमची." सही तिचीच होती, थोडी वाकडी. आणि मग तिला ती सकाळही आठवली. सकाळची पाळी, उशीर झालेला, एक पाय चपलेत, आणि आई कागद भिंतीला लावून धरतेय: इथे सही कर गं, बँकेचं काहीतरी आहे. भिंतीवर लिहिल्यामुळे पेन नीट चालत नव्हतं. आईनं पेन झटकून परत दिलं होतं.

"बंद करायची का सूचना?" बाईंनी विचारलं.

"नको," ती घाईनं म्हणाली. "विचारून सांगते." आणि लगेच तिच्या मनात आलं, कुणाला विचारून?

निघताना बाईंनी एक पत्रक पुढे सरकवलं. बँकेच्या वरच्या मजल्यावर शनिवारी वर्ग असतो, पैशांची प्राथमिक माहिती, सहा आठवडे, फी नाही. "आमच्याकडे साठीच्या बायका येतात, लाजण्यासारखं काही नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यामुळेच ती लाजली.

वर्गाला जेमतेम सहा जण होते. एक नवं लग्न झालेलं जोडपं, टेबलाखालून एकमेकांना पायानं ढोसणारं. एक टॅक्सीवाला. ब्युटी पार्लरमधल्या दोघी. आणि ती. शिकवणारे गृहस्थ एका बिस्किटांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं अकाउंटंट होते. अजूनही कुठलीही रक्कम सांगताना हवेत बोटानं रेघ मारायचे. पहिल्या दिवशी त्यांनी सांगितलं, वहीत तीन रकाने पाडा: गरज, हौस, शिल्लक. आठवडाभर जे जे खर्च कराल ते लिहा, एक पैसा सोडू नका. तिनं मन लावून लिहिलं. लिहायला तिला आवडतं हे तिला नव्यानंच कळत होतं. बस, दूध, ब्रेड, बस, विजेचं बिल, डोकेदुखीची गोळी. पुढच्या शनिवारी अकाउंटंट वही बघत तिच्यापाशी थांबले.

"मधला रकाना कोरा?"

"हौसेचं काही घेतलं नाही."

"घेतलं नाही, की घ्यावंसं वाटलं नाही?"

"वाटलं नाही."

"आठवडाभरात? एक भजंसुद्धा?" टॅक्सीवाला हसला. अकाउंटंट हसले नाहीत. "मग तो रकाना तसाच राहू दे. पण वाटेल तेव्हा लिहा. न घेतलं तरी लिहा."

त्या आठवड्यात ती दुकानांच्या काचांसमोर थांबून पाहत राहिली. परीक्षेची तयारी केल्यासारखी. हिरवी शाल. पितळी कुंडी. गुळगुळीत टाचांचे बूट. ही वस्तू मला हवी आहे का, असं ती स्वतःला विचारायची आणि आत कुणीच उत्तर द्यायचं नाही. घरी आल्यावर दोन खोल्यांत आईचा वास अजून होता, तेलाचा आणि औषधाचा. आईला हॉस्पिटलात आणलं तेव्हा छातीचा फोटो तिनंच काढला होता. आईला यंत्राला टेकवून उभं केलं, तिचे थंड खांदे पुढे ढकलले, काचेमागे गेली आणि रोजच्यासारखं म्हणाली, श्वास घ्या, रोखून धरा. आईला 'घ्या' म्हटलं म्हणून ती स्वतःशीच हसली. मग पडद्यावर फोटो उमटला, उजवीकडे एक पांढरी सावली, आणि ती बघतच राहिली. किती वेळ गेला कोण जाणे. काचेपलीकडून आईनं मान वळवून पाहिलं. सोड म्हणायचं राहून गेलं होतं आणि म्हातारी अजून श्वास धरून उभी होती. अकरा दिवसांनी ती गेली. त्या अकरा दिवसांत ती शुद्धीवर होती, बोलत होती, सलाईनचे थेंब मोजत होती. लेकीचा हात धरून तिनं विचारलं होतं, गॅस बंद केलास ना? पण त्या कागदाबद्दल, हप्त्याबद्दल काही बोलली नाही. रागवायचं म्हटलं तर तिच्यासमोर ती श्वास धरलेली पाठ येत होती आणि राग तिथेच अडत होता.

चौथ्या शनिवारी अकाउंटंटनी म्हातारपणाचा हिशेब करायला लावला. निवृत्तीला किती वर्षं, भाडं किती, औषधं किती, पुढे किती वर्षं जगाल असं धरायचं. पार्लरमधल्या मुली खिदळत होत्या. तिनं सगळे आकडे नीट भरले. निवृत्तीला तेरा वर्षं. खासगी हॉस्पिटल, पेन्शन नाही. खाली जी रक्कम आली ती पाहून तिला वाटलं आपली बेरीज चुकली, म्हणून तिनं पुन्हा केली. अकाउंटंटनी वही उचलली, हवेत रेघ मारली आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुणाकडून काही येणं आहे का तुमचं?" तिनं पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. अकरा हजार पाचशे, एकशे आठ महिने. बारा लाख बेचाळीस हजार. "कागद आहे?" त्यांनी विचारलं. "सही आहे," ती म्हणाली. "माझी."

रविवारी ती भावाकडे गेली. तो सातव्या मजल्यावर राहत होता. त्यानंच दार उघडलं आणि नेहमीसारखी तिच्या हातातली पिशवी घेतली. खिडकीजवळची खुर्ची तिची. त्यावर बसलेल्या मुलीला त्यानं नुसत्या नजरेनं उठवलं. भावजय पाणी घेऊन आली. या घरात हे असंच असायचं. पहिला चहा तिला, पंख्याखालची जागा तिला, निघताना भाऊ बसस्टॉपपर्यंत सोडायला. इतर भावांपेक्षा आपला भाऊ मायाळू आहे असं तिनं विभागात किती जणींना सांगितलं होतं.

"छोट्या," ती म्हणाली, "मी बँकेत गेले होते."

चाळिशीचा, पोट सुटलेला छोट्या टेबलावरच्या पेपरच्या घड्या घालू लागला. सगळ्या घड्या झाल्यावर म्हणाला, "मीच विषय काढणार होतो, ताई. आईचं जरा निवळू दे म्हटलं."

"तू घेत होतास."

"म्हणजे?" त्यानं वर पाहिलं. "तूच देत होतीस ना?"

ती त्याच्याकडे पाहत राहिली. त्याच्या चेहऱ्यावरची खात्री हळूहळू उतरत गेली. भावजय दारात येऊन उभी राहिली.

"आई म्हणाली, ताईनंच सांगितलंय," तो म्हणाला. "म्हणाली, तिच्यासमोर बोलू नकोस, तिला अवघडल्यासारखं होतं. मी नऊ वर्षं... ताई, तुला माहीतच नव्हतं?"

माहीत नव्हतं. त्यालाही नव्हतं, की तिला माहीत नाही. खुर्ची, पंखा, पहिला चहा, बसस्टॉप. त्याच्या बाजूनं ते सगळं फेडणं होतं, आणि तिला वाटलं होतं माया. मग तिला वाटलं, नऊ वर्षं न चुकता एखाद्याची पिशवी घेणं, यातही काही असतंच की. नुसतं ओझं असतं तर माणूस कधीतरी विसरला असता. पण ते आता निवडून वेगळं करता येणार नव्हतं.

"ये," छोट्या एकदम उठला. "तुला एक दाखवतो." त्यानं आतल्या लहान खोलीचं दार उघडलं. या खोलीत ती क्वचितच आली होती. टेबल, पुस्तकं, भिंतीवर वेळापत्रक, पलंगावर पालथा पडलेला मुलीचा स्वेटर. "घर घेताना दोन खोल्यांचं परवडत होतं," तो म्हणाला. "आई म्हणाली, तीनचं घे, वरचे पैसे ताई देईल. म्हणाली, भाड्याच्या घरात ती म्हातारपणी कुठे जाणार? ही खोली तिची. तेव्हापासून आम्ही हिला ताईची खोलीच म्हणतो. पोरगी अभ्यासाला वापरते इतकंच."

खिडकीतून समोरच्या इमारतीचे पाइप दिसत होते. आईनं तिच्यासाठी हे पाहून ठेवलं होतं तर. हिशेब चुकीचा नव्हता. नुसता कुठे लिहिलेला नव्हता, आणि जिच्यासाठी होता तिला सांगितलेला नव्हता. का सांगितलं नाहीस? मी नाही म्हटलं असतं म्हणून? मी तर कधीच नाही म्हटलं नव्हतं. की मी काही म्हणू शकते हेच तुला सुचलं नाही? पंधरा वर्षांची भाची मागून आली आणि तिनं स्वेटर उचलून छातीशी धरला.

"आत्या, तू राहायला येणारेस?"

"नाही गं. खोली तुझीच आहे."

ती म्हणाली आणि तिला कळलं, की हे खरंच आहे. या खोलीत ती कधी राहणार नव्हती. पंख्याखालच्या जागेवर बसून म्हातारी होणार नव्हती. बाहेर येऊन ती खुर्चीवर न बसता टेबलाशी बसली आणि पर्समधून वही काढली. आकडे तिला पाठ होते. पुढच्या महिन्यापासून हप्ता तू भर. शिवाय मला दर महिन्याला सहा हजार दे. मी निवृत्त होईपर्यंत, तेरा वर्षं. त्याचे नऊ लाख छत्तीस हजार होतात. वरचे तीन लाख सहा हजार सोडले.

भावजय हळूच म्हणाली, "म्हणजे महिन्याला साडेसतरा हजारांचा फरक पडला, ताई. हिचे क्लास..."

"माहितीये," ती म्हणाली. आणि मग, कुणालाच अपेक्षित नसलेलं, तिलाही नसलेलं: "पण मलाही पाहिजेत."

छोट्यानं कागद लिहिला, दोघांनी सह्या केल्या. या वेळी तिनं वाचून सही केली. निघताना त्यानं सवयीनं तिची पिशवी उचलली आणि मग ती खाली ठेवावी की न्यावी हे न कळून तसाच उभा राहिला. तिनंच ती त्याच्या हातातून घेतली. "एवढी काही जड नाही," ती म्हणाली. तो गेटपर्यंत आला. "आईवर रागावलीस?" त्यानं विचारलं. "रागवायला ती कुठेय," ती म्हणाली. बसस्टॉपपर्यंत ती एकटी गेली.

भावजयीनं एका दवाखान्यात रिसेप्शनला काम धरलं. फोन कमी झाले. आले तरी कामापुरते, आणि कुणी वाईट बोललं नाही. पैसे दोन महिने पाच तारखेला आले. शनिवारचा वर्ग संपला. तिनं एक ठेव उघडली, विमा समजून घेतला, घरमालकाशी भाड्याचा करार स्वतः वाचून दोन ओळी बदलून घेतल्या. सगळं जमत होतं. जमलेलं दाखवायला घरी कोणी नव्हतं, एवढंच.

तिसऱ्या महिन्यात पाच तारीख गेली. सहा गेली. आठला तिनं वाट पाहिली, नऊला स्वतःलाच समजावलं की अडचण असेल, काय अडलंय सहा हजारांवाचून. दहाला संध्याकाळी कामावरून आल्यावर, कपडेही न बदलता, ती पलंगाच्या कडेवर बसली. आयुष्यात तिनं कुणाकडे पैसे मागितले नव्हते, हक्काचे तर नाहीच नाही. शेवटी नंबर लावला. तिकडून छोट्याचा आवाज आला, "बोल ताई."

"या महिन्याचे आले नाहीत," ती म्हणाली.

स्वतःचा आवाज ऐकून ती दचकली. जरा खालच्या पट्टीतला, कोरडा, शेवटच्या शब्दावर न टेकता सोडून दिलेला. घरमालकाकडे मुदत मागताना, दुकानदाराला उरलेली मोड मागताना, शाळेत फी-माफीचा अर्ज पुढे सरकवताना आईनं वापरलेला. लहानपणी आईचा पदर धरून उभं राहून तिनं तो कितीदा ऐकला होता, आणि आई असं का बोलते म्हणून तिला लाज वाटली होती. या आवाजापासून तर आईनं तिला चोवीस वर्षं लांब ठेवलं होतं.

मग छोट्यानं श्वास घेतलेला ऐकू आला.

"ताई," तो म्हणाला, "उद्या टाकतो. पण ते... पुन्हा एकदा म्हण ना."

"काय?"

"आत्ता म्हणालीस ते."

तिला कळलं. फोन तिनं दुसऱ्या कानाला लावला. रडू कोसळत होतं, पण रडत तो आवाज निघाला नसता, म्हणून ती थांबली, घसा साफ केला, आणि धाकट्या भावासाठी पुन्हा एकदा, सावकाश म्हणाली, "या महिन्याचे आले नाहीत."